करार संपले, खंडणी संपलेली नाही

२८ जून २०२५ रोजी युरोपीय संघ ऊर्जा सनद करारातून बाहेर पडला. इटलीने हा करार २०१६ मध्येच सोडला होता. फ्रान्स, जर्मनी व पोलंड २०२३ च्या अखेरीस आणि ब्रिटन २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यातून मोकळे झाले. पर्यावरणवादी संघटनांनी या घटनेचे मोठ्या उत्साहाने स्वागत केले आणि त्या उत्साहात काही गैर नाही. परंतु माघार घेणाऱ्या सैन्याने शेतात पुरून ठेवलेले सुरुंग मोजण्याआधीच गुढ्या उभारण्याची घाई कोणी करू नये. आणि भारतातील कष्टकऱ्यांच्या चळवळीने तर मुळीच करू नये. कारण युरोप ज्या दाराने बाहेर पडतो आहे, त्याच दाराने आत शिरण्याची तयारी दिल्लीत चालू झाली आहे.

हा करार जन्मला तो सोव्हिएत संघराज्याच्या विघटनानंतर. पूर्वेकडील तेल आणि वायूच्या साठ्यांवर पश्चिमेच्या कंपन्यांची नजर होती, पण तेथील नव्या सरकारांवर त्यांचा विश्वास नव्हता. डिसेंबर १९९४ मध्ये लिस्बन येथे करारावर सह्या झाल्या आणि एप्रिल १९९८ पासून तो अमलात आला. त्याचे मर्म एकाच तरतुदीत साठलेले आहे. एखाद्या सरकारच्या निर्णयाने आपल्या गुंतवणुकीचे नुकसान झाले असे परकीय कंपनीला वाटले, तर ती त्या देशाच्या न्यायालयांना वळसा घालून थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकते. तेथे तीन लवाद बसतात: एक कंपनीने नेमलेला, एक सरकारने नेमलेला, तिसरा उभयसंमतीने अथवा एखाद्या संस्थेने निवडलेला. निवाड्याच्या गुणदोषांवर अपील नाही. कंपनी सरकारला खेचू शकते, सरकार कंपनीला खेचू शकत नाही. आणि ज्यांच्या नदीत राख मिसळली त्या गावकऱ्यांना तर तेथे पक्षकार म्हणून उभेही राहता येत नाही. आज लवाद म्हणून बसणारा विधिज्ञ उद्या दुसऱ्या खटल्यात वकील म्हणून उभा राहतो, हे या क्षेत्रात कोणाला खटकत नाही.

गुंतवणूकदाराला 'न्याय्य व समन्यायी वागणूक' मिळाली पाहिजे, असे करार सांगतो. लवाद मंडळांनी या शब्दांतून गुंतवणूकदाराच्या 'वाजवी अपेक्षा' नावाची एक वस्तू घडवली. गुंतवणूक करताना ज्या नफ्याची आशा धरली होती, ती आशाच जणू मालमत्ता बनली. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील हजारो कामगारांच्या अपेक्षा धुळीस मिळाल्या. त्या वाजवी होत्या की नव्हत्या, हे ठरवण्यासाठी कोणी हेगला किंवा वॉशिंग्टनला लवाद बसवला नाही.

या शस्त्राचा उपयोग गरीब देशांवरच होतो, ही समजूत ऊर्जा सनद कराराने खोटी ठरवली. हॅम्बुर्गमधील मोरबुर्ग येथे वॅटेनफॉल ही स्वीडिश कंपनी कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारत होती. एल्बे नदीच्या पाण्याच्या वापरावर शहराने निर्बंध घातले, तेव्हा २००९ मध्ये कंपनीने जर्मनीवर १४० कोटी युरोंचा दावा लावला. तडजोड झाली ती निर्बंध सैल करून. पुढे २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, या केंद्राला परवानगी देताना जर्मनीने निसर्गसंरक्षणाच्या नियमांचा भंग केला होता. म्हणजे कंपनीचे समाधान करताना सरकारने कायदा मोडला, आणि त्याचा दोषही सरकारच्याच माथी आला. याच कंपनीने फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर अणुवीज केंद्रे बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध दुसरा दावा लावला. २०२१ च्या तडजोडीत चार कंपन्यांना मिळून सुमारे २४० कोटी युरो देण्याचे जर्मनीने मान्य केले आणि त्यातील सुमारे १४० कोटी वॅटेनफॉलला मिळाले. ही कंपनी संपूर्णपणे स्वीडिश सरकारच्या मालकीची आहे, याची नोंद समाजवाद्यांनी अवश्य घ्यावी. मालकी सरकारी असली म्हणून भांडवलाचा स्वभाव सीमेपलीकडे बदलत नाही.

दावा प्रत्यक्षात लावावा लागतोच असे नाही, धाकही पुरतो. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये तेल व वायूचे उत्खनन थांबवणारा कायदा तयार होत असताना व्हर्मिलियन या कॅनडाच्या कंपनीच्या वतीने राज्य परिषदेपुढे आलेल्या निवेदनात याच कराराचा हवाला दिलेला होता. अंतिम कायद्यात उत्खननाला २०४० पर्यंतची मुदत राहिली. किती देशांतील किती मसुदे असे कपाटातच मऊ झाले, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

आता सुरुंगाकडे वळू. कराराच्या ४७ व्या कलमानुसार एखादा देश बाहेर पडला, तरी त्याआधी झालेल्या गुंतवणुकींना पुढील वीस वर्षे संरक्षण मिळत राहते. विधिज्ञ याला 'सूर्यास्त कलम' म्हणतात. वीस वर्षे मावळत राहणारा हा सूर्य कोणत्या आकाशात असतो ते त्यांनाच ठाऊक! इटली १ जानेवारी २०१६ रोजी बाहेर पडली. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत तेल काढण्यास तिच्या संसदेने बंदी घातली होती, कारण आब्रुत्सोच्या किनाऱ्यावरील जनतेने त्यासाठी दीर्घकाळ लढा दिला होता. तरीही रॉकहॉपर या ब्रिटिश कंपनीने २०१७ मध्ये दावा लावला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये इटलीविरुद्ध १९ कोटी युरोंहून अधिक भरपाईचा निवाडा झाला. जून २०२५ मध्ये तो रद्द झाला खरा, पण लवाद मंडळाच्या रचनेतील दोषामुळे. किनाऱ्यावरच्या माणसांचा हक्क मान्य करून तो रद्द झालेला नाही.

नेदरलंड्सचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ग्रोनिंगेनच्या वायुक्षेत्रातील उत्खननामुळे तेथे वर्षानुवर्षे भूकंपाचे धक्के बसत होते, घरांच्या भिंतींना तडे जात होते. एप्रिल २०२४ मध्ये कायदा करून ते क्षेत्र कायमचे बंद करण्यात आले. त्याच वर्षी एक्सॉनमोबिलच्या बेल्जियममधील उपकंपनीने ऊर्जा सनद कराराखाली डच सरकारविरुद्ध दावा दाखल केला. संघातील देशांनी आपसांत हे सूर्यास्त कलम लागू होणार नाही, असे जून २०२४ मध्ये जाहीर केले आहे. पण या प्रकारच्या आक्षेपांना लवाद मंडळांनी आजवर क्वचितच दाद दिली आहे. करारातून बाहेर पडणे आवश्यक होतेच. तथापि तेवढ्याने सुटका होत नाही, हा ग्रोनिंगेनचा धडा आहे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना या यंत्रणेची ओळख पटण्यासाठी वस्तुतः युरोपात जाण्याची गरज नाही. गुहागर तालुक्यापर्यंत जाणे पुरे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीज खरेदी करार केला. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार भरावाच लागेल. मंडळाने न भरल्यास राज्याची हमी, राज्याने न भरल्यास केंद्राची प्रतिहमी. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली, आणि काही महिन्यांतच तोच प्रकल्प वाढीव क्षमतेने पुन्हा मंजूर झाला. प्रतिहमीवर मोहोर उठवली ती मे १९९६ मध्ये, लोकसभेचा विश्वास मिळवू न शकलेल्या तेरा दिवसांच्या सरकारने. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळीवाड्यात पहाटे पोलीस शिरले आणि प्रकल्पाला विरोध करणाऱ्या स्त्रियांना त्यांनी पकडून नेले. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

गोष्ट येथे संपते असे अनेकांना वाटते. पण भागीदार शिल्लक होते. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन्ही अमेरिकन कंपन्या. अमेरिका व भारत यांच्यात तर गुंतवणूक संरक्षण करारच नव्हता. मग त्यांनी मॉरिशसमधील आपल्या उपकंपन्या पुढे केल्या आणि भारत-मॉरिशस कराराखाली भारत सरकारला लवादापुढे उभे केले. २००५ मध्ये तडजोड झाली: जनरल इलेक्ट्रिकला १४.५ कोटी डॉलर, बेक्टेलला १६ कोटी डॉलर. ज्या देशाशी करार नाही त्याच्या भांडवलाला ज्या बेटावर करार आहे तेथून आत येता येते, हे ज्ञान महाराष्ट्राने असे किंमत मोजून मिळवले. वेलदूरच्या कोळ्यांसाठी कोणत्याही बेटावर कोणतीही उपकंपनी नव्हती.

दिल्लीला मात्र जाग येण्यास आणखी काही वर्षे लागली. कोल इंडियाशी पिपरवार खाणीवरून भांडणाऱ्या व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०११ मध्ये भारताविरुद्ध निवाडा मिळवला. भारत-ऑस्ट्रेलिया करारात नसलेले कलम तिने भारत-कुवेत करारातून उसने घेतले होते. तिची मूळ तक्रार भारतीय न्यायालयांतील नऊ वर्षांच्या दिरंगाईची होती आणि ती तक्रार खोटी नव्हती. पण त्या दिरंगाईत या देशाचा शेतमजूर पिढ्यान्‌पिढ्या सडतो आहे. न्यायालये सर्वांसाठी सुधारावीत, की फक्त परकीयांसाठी वेगळा दरवाजा काढावा? डिसेंबर २०२० मध्ये केर्न या तेल कंपनीच्या खटल्यात लवाद मंडळाने भारताने सुमारे १२० कोटी डॉलर आणि व्याज द्यावे असे ठरवले. निवाडा एकमताने होता, भारताने नेमलेला लवादही त्यात आला, आणि पूर्वलक्षी कराचे समर्थन करणे सोपे नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही पुढे जे घडले ते कोणत्याही स्वाभिमानी नागरिकाला बोचावे. जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आली आणि ऑगस्टमध्ये संसदेने आपला २०१२ चा कायदा मागे घेतला. कंपनीला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत मिळाले. चूक सुधारायचीच होती तर ती संसदेने स्वतःच्या विवेकाने का सुधारली नाही?

२०१५ च्या अखेरीस केंद्र सरकारने नवा आदर्श मसुदा स्वीकारला आणि पुढील दोन वर्षांत बहुतेक जुने करार संपुष्टात आणले. हे त्या सरकारचे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. नव्या मसुद्यात करविषयक बाबी वगळल्या होत्या, दुसऱ्या करारातून कलमे उसनी घेण्याची वाट बंद केली होती, आणि आधी पाच वर्षे देशातील न्यायालयांत दाद मागण्याची अट होती. पण संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या, ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या करारात पाचाची तीन वर्षे झाली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात तर अर्थमंत्र्यांनी हा आदर्श मसुदाच गुंतवणूकदारांना अधिक अनुकूल करण्याची घोषणा केली. युरोप पोळलेला हात मागे घेत असताना भारत आपला हात पुढे करतो आहे.

हे करार नसतील तर भांडवल येणार नाही, असे सांगितले जाते. ब्राझीलने १९९० च्या दशकात असे चौदा करार केले आणि त्यांतील एकालाही संमती दिली नाही. तरी परकीय गुंतवणूक मिळवणाऱ्या विकसनशील देशांत तो सातत्याने अग्रभागी राहिला. भांडवल बाजार, कच्चा माल आणि मजुरी पाहून येते, कलमे वाचून नव्हे.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे. सौर आणि पवन ऊर्जेला परकीय पैसा हवा, म्हणून तिला तरी संरक्षण द्या, असे म्हणतात. स्पेनकडे पाहावे. तेथील सरकारने सौर विजेवरील अनुदान कमी केले, तेव्हा पन्नासांच्या आसपास दावे त्याच्यावर कोसळले, आणि दावेदारांत वित्तीय निधींचा भरणा होता. सूर्यप्रकाश कोणाच्याही मालकीचा नसला तरी त्याच्यापासून होणाऱ्या विजेचा दर कोणीतरी ठरवतोच. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने सौर व पवन विजेचे चढे दर कमी करण्याचा प्रयत्न केला तेव्हा जपानच्या राजदूतानेही मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून चिंता व्यक्त केली होती. आंध्रची पद्धत धसमुसळी होती आणि उच्च न्यायालयाने ती नामंजूर केली. पण निदान तो निर्णय अमरावतीच्या न्यायालयात झाला, त्याची कागदपत्रे कोणालाही पाहता आली. आज अबुधाबीचे निधी भारताच्या सौर व पवन क्षेत्रात उतरले आहेत. उद्या एखाद्या राज्याने शेतीपंपाच्या विजेसाठी दर बदलले, तर तो वाद कोठे चालावा, हे आजच्या मसुद्यात ठरते आहे.

भारतीय भांडवलही या शाळेत नापास होण्यासारखे नाही. ओडिशातील इंडियन मेटल्स अँड फेरो अलॉइज या कंपनीने कोळशाच्या खाणीवरून इंडोनेशियाला लवादापुढे खेचले होते. २०१९ मध्ये ती हरली. परदेशांतील भारतीय कंपन्यांच्या हितासाठी करार हवेत, असा सूर आता उद्योगपतींच्या संघटनांतून निघतो, तो ऐकताना जकार्तातील कामगार आणि रत्नागिरीतील मच्छीमार एकाच बाजूला उभे आहेत हे विसरून चालणार नाही.

यातील कोणताही करार सहीपूर्वी संसदेच्या मंजुरीसाठी येत नाही. राज्यघटनेने तसे बंधन घातलेले नाही आणि आजवरच्या कोणत्याही सरकारला, विरोधकांच्या सरकारांनाही, ही उणीव दूर करावीशी वाटलेली नाही. वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे; वीजबिलाचा बोजा राज्याच्या ग्राहकावर पडतो; तरी राज्यांना विचारलेही जात नाही. म्हणून ऊर्जेचे दर, कोळसा व वायूची केंद्रे बंद करण्याचे निर्णय आणि करआकारणी हे तीन विषय कोणत्याही गुंतवणूक कराराच्या बाहेर ठेवावेत, आणि मसुदा सहीपूर्वी संसदेत व विधिमंडळांत चर्चेला यावा, ही मागणी पक्षाच्या शाखांनी आतापासून लावून धरली पाहिजे. ब्रिटनबरोबरचा जुना करार भारताने मार्च २०१७ मध्ये संपवला. त्याखाली झालेल्या गुंतवणुकींचे संरक्षण पंधरा वर्षे, म्हणजे २०३२ पर्यंत चालू राहणार आहे. नव्या मसुद्यात हे शेपूट किती वर्षांचे ठेवले आहे, एवढा एकच प्रश्न आपापल्या खासदाराला पत्र लिहून विचारावा आणि आलेले उत्तर, किंवा उत्तर न आल्याची बातमी, तालुक्याच्या सभेत वाचून दाखवावी.