चित्रातली हिरवळ आणि वाडीतली हिरवळ



आगाशीकडचे एक वाडीवाले परवा मोबाइलवर दोन चित्रे घेऊन आले. दोन्ही त्यांच्याच केळीच्या वाडीची, उपग्रहाने टिपलेली. एक 2019 च्या फेब्रुवारीतले, दुसरे यंदाच्या फेब्रुवारीतले. जुन्यात वाडी पोपटी, नव्यात काळपट. "साहेब, डोळ्यांना केळी बरी दिसते, पण पुतण्या म्हणतो विहीर खारी झाली, चित्रच सांगतंय. आत्ताच जमीन देऊन टाकू."

मी चित्रे नीट पाहिली. जुन्यात फक्त वाडी आणि शेजारची दोन-चार शेते होती. नवे मात्र थेट नायगावच्या मिठागरांपर्यंत पसरलेले. खरी गोम तिथेच होती.

सेंटिनेल-2 हा युरोपचा उपग्रह तांबडा, हिरवा, निळा उजेड वेगवेगळा मोजतो. ही तीन मापे संगणकावर एकत्र केली की आपल्या डोळ्यांना दिसतात तसे रंग येतात. पण कच्चे चित्र मळकट, निळसर असते. हवा निळा उजेड जास्त विखुरते आणि रान मुळात थोडाच उजेड परत पाठवते. म्हणून संगणक आकडे ताणतो. समजा, वर्गातल्या सगळ्या पोरांना शंभरात 10 ते 30 गुण पडले. गुरुजींनी 10 ला शून्य आणि 30 ला शंभर धरले, की हुशार कोण, कच्चा कोण, लगेच कळते. पण त्याच वर्गात 90 गुणांची चार-पाच पोरे आली तर? बाकीची पुन्हा तळाला. मिठाचे पांढरे ढीग म्हणजे ही नव्वदवाली पोरे. ढगही तसेच. ते चौकटीत आले आणि वाडी काळवंडली.

आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-3 कॅमेऱ्यात तर निळा पट्टाच नाही. त्याच्या 'नैसर्गिक' चित्रातला काही रंग हिशेबाने भरलेला असतो. आणि कुठे शेते लालभडक दिसली तर घाबरू नका. निरोगी पान अवरक्त किरण भरपूर परतवते आणि ते लाल रंगात दाखवायची जुनी रीत आहे.

आम्ही दोन्ही चित्रांना खालची-वरची मर्यादा एकच दिली. बराचसा फरक गेला. उरले ते एका कोपऱ्यातले तीन फिके ठिपके. या उपग्रहाचा एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तेव्हा वाडीत जाऊन तो कोपरा पाहिला. बावखलाकडची केळी ठणठणीत. विहिरीचे पाणी जाते त्या कोपऱ्यात मात्र पानांच्या कडा करपलेल्या. पुतण्या अगदीच चुकला नव्हता म्हणायचा, पण तीन गुंठ्यांसाठी सगळी वाडी?

पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून, बाटली त्याच पाण्याने विसळून नमुना भरला आणि विद्युत वाहकता तपासायला धाडला. मे महिन्यात विहीर तळाला गेली की दुसरा नमुना घेऊ. तोवर जमिनीचे बोलणे थांबवा, असे पुतण्याला सांगून आलो आहे.