पंक्तिभेद मोडायला आलेल्यांचाच पंक्तिभेद : प्रभुभोजनाभोवतीच्या कुंपणाचा इतिहास

१/ #थ्रेड
२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्च एकत्र आली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' अस्तित्वात आली. या वाटाघाटी १९२९ साली लखनौ येथे सुरू झाल्या होत्या. एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्यांना एकमेकांचे पाळक आणि एकमेकांच्या हातची भाकर निःशंकपणे मान्य करण्यास ४१ वर्षे का लागावीत?

२/ याचे प्रतिष्ठित उत्तर ठरलेले आहे : आधी सिद्धान्तांवर एकमत व्हावे, मग एका मेजावर बसावे. हे उत्तर ऐकायला समंजस वाटते. मात्र इतिहासाची साक्ष त्याच्या विरुद्ध जाते. एकमताची वाट पाहणाऱ्यांनी शतके घालवली. ज्यांनी परस्परांना आधी आपले मानले, त्यांच्यातच पुढे एकमताची भाषा जन्माला आली.

३/ प्रथम विषय स्पष्ट व्हावा. येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटण्याचा हा विधी. मराठी प्रोटेस्टंट त्यास प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिकांचा मिस्सा त्याच भोजनाभोवती उभा आहे. भांडणे मुख्यतः तीन प्रश्नांवर झाली : त्या भाकरीत नेमके काय घडते, ती कोणी द्यावी आणि ती कोणाला मिळावी.

४/ प्रभुभोजनाचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना लिखित वृत्तान्त पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात आहे. हे पत्र पहिल्या शतकाच्या मध्यातील. तो वृत्तान्त तेथे आला, कारण त्या मंडळीत सधन लोक आपापले खाऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना खडसावले ते यासाठी. म्हणजे लेखी नोंद असलेला या मेजाचा पहिला वाद पंगतीतील भेदाचा होता.

५/ पुढे १५२९. जर्मनीतील मारबुर्गच्या गढीत हेसचा सरदार फिलिप याने मार्टिन ल्यूथर आणि झुरिचचा सुधारक झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवले. सुधारणेच्या दोन शाखांची एकजूट व्हावी, हा त्याचा राजकीय हेतू. १५ कलमांचा मसुदा झाला. १४ कलमांवर पूर्ण सहमती झाली.

६/ पंधरावे कलम प्रभुभोजनाचे. त्यातीलही बहुतेक मुद्दे दोघांना मान्य होते. अडले ते एकाच जागी : ख्रिस्ताचे शरीर त्या भाकरीत प्रत्यक्ष आहे काय? ल्यूथरने 'हे माझे शरीर आहे' हे शब्द मेजावर खडूने लिहून ठेवले आणि तो तसूभर हलला नाही. झ्विंग्लीचा बंधुत्वाचा हात त्याने नाकारला. दोनच वर्षांनी झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला.

७/ या दोन परंपरांच्या युरोपीय चर्चनी परस्परांशी पूर्ण सहभागिता जाहीर केली ती १९७३ साली, बाझेलजवळील लॉयेनबर्ग येथील कराराने. मध्ये ४४४ वर्षे गेली. आणि त्या करारात घडले काय? दोन्ही बाजूंचे जुने श्रद्धाग्रंथ जागच्या जागी राहिले. जुने परस्परनिषेध आजच्या शिकवणीस लागू होत नाहीत, एवढे मान्य झाले. उरलेले मतभेद घेऊनच लोक एका मेजावर आले.

८/ दरम्यान युरोपातील हे कुंपण जहाजात बसून आशियात आले होते. महाराष्ट्रात अहमदनगरला अमेरिकन काँग्रिगेशनल, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपूरला स्कॉटिश, डहाणूकडे ब्रेदरन. मिशन संस्था बहुधा आपापसांत क्षेत्रे वाटून घेत. नगरच्या खेड्यातील माणूस काँग्रिगेशनल झाला, तो सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील इंग्रजी वाद अभ्यासून नव्हे. त्याचा पंथ त्याच्या जिल्ह्याने ठरवला.

९/ तोच माणूस पोटासाठी मुंबईस आला आणि एखाद्या अँग्लिकन चर्चात शिरला, तर? अँग्लिकन नियमाप्रमाणे बिशपच्या हातून दृढीकरण झालेल्यास, किंवा त्यासाठी सिद्ध असलेल्यासच, प्रभुभोजन मिळे. त्याच्या मंडळीत मुळात बिशपच नव्हता. बाप्तिस्मा तोच, बायबल तेच, प्रार्थनेची मराठीही तीच. तरीही नियमाच्या दृष्टीने तो मेजाबाहेरचा.

१०/ आता या गोष्टीतला खरा उपरोध. दक्षिणेत तंजावर आणि मद्रास परिसरातील काही मंडळ्यांमध्ये उच्च मानल्या जाणाऱ्या जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनासही वेगळे, आधी येत. १८३३ साली कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन याने फर्मान काढले : मंडळीतील जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडावा. त्यावर अनेक जण मंडळी सोडून गेले. विल्सन मागे हटला नाही.

११/ विल्सनचा निर्णय योग्यच होता. परंतु त्याच्या तर्काचा पुढचा पायंडा कोणी चढला नाही. जन्मावरून पंगत मोडणे हे पाप, असे भारतीयांना शिकवणारे मिशनरी पंथावरून पंगत मोडणे हे मात्र श्रद्धेचे रक्षण मानत राहिले. शिवाशिवीचे कुंपण पाडा, असे सांगणाऱ्यांनी आपले कुंपण सोवळ्यासारखे जपले.

१२/ भारतीय ख्रिस्ती हे सारे पाहत होते. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारू पाहिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली टिळक वारले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. त्याची दिशा मात्र बोलकी आहे.

१३/ १९१० साली एडिंबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १२०० प्रतिनिधींत आशियाई मोजकेच होते. त्यांतील व्ही. एस. अझरिया यांनी भर सभेत सांगितले की मिशनऱ्यांच्या त्यागाची कृतज्ञता भारतीय मंडळी युगानुयुगे बाळगेल. आता मात्र तिला प्रेम हवे आहे, मित्र हवे आहेत. सभागृहात अस्वस्थता पसरली. हेच अझरिया १९१२ साली पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले.

१४/ जून १९१३. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात, किकुयू येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट आदी मिशनरी सहकार्याची योजना आखण्यास जमले. समारोपास प्रेस्बिटेरियन चर्चात प्रभुभोजन झाले. मोंबासाचे अँग्लिकन बिशप पील यांनी ते चालवले आणि इतर पंथांच्या मिशनऱ्यांनीही ते घेतले. युगांडाचे बिशप विलिसही परिषदेत होते.

१५/ झांझिबारचे बिशप फ्रँक वेस्टन यांनी या दोन्ही बिशपांवर पाखंडाचा आरोप केला. वेस्टन खलनायक नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढे आफ्रिकनांवरील वेठबिगारीविरुद्ध त्यांनी ब्रिटिश सरकारशी उघड झुंज दिली. त्यांचा युक्तिवाद होता : बिशपांची परंपरा ही चर्चची अस्थी आहे. ती वगळून मेज मांडले, तर नवख्या मंडळीला आपण काय शिकवतो आहोत?

१६/ प्रकरण कँटरबरीचे आर्चबिशप डेव्हिडसन यांच्यापुढे गेले. सल्लागार समितीची बैठक १९१४ च्या जुलैत झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस महायुद्धाला तोंड फुटले. १९१५ साली डेव्हिडसन यांनी मत दिले. त्याचे सार असे : घडले त्यात पाखंड नाही, पण तसे पुन्हा न घडलेले बरे. इकडे बाप्तिस्मा घेतलेले लक्षावधी तरुण खंदकांत एकमेकांना मारत होते आणि तिकडे एका भाकरीचा निवाडा चालू होता.

१७/ डेव्हिडसन यांचा निर्णय नीट वाचला, तर कुंपणाचे गुपित कळते. कृत्य पापमय नव्हते. ते गैरसोयीचे होते. इंग्लंडमधील दोन गट भांडू नयेत, म्हणून आफ्रिकेतील मंडळीने दूर राहावे. सत्याच्या नावाने सुरू झालेला वाद अखेर कचेरीच्या सोयीवर येऊन थांबला. या इतिहासात असे वारंवार घडले आहे.

१८/ भारतात मात्र पुढाकार मंडळीनेच घेतला. मे १९१९ मध्ये तरंगंबाडी, म्हणजे जुने ट्रँकेबार, येथे अझरिया आणि इतर ख्रिस्ती पुढारी जमले. त्यांतील बहुतेक सारे भारतीय होते. त्यांनी जाहीर केले की ही विभागणी आपण निर्माण केलेली नाही, ती बाहेरून लादली गेली आहे आणि ती टिकवण्याची आपली इच्छा नाही. तेथून २८ वर्षांची वाटाघाट सुरू झाली.

१९/ स्वातंत्र्यानंतर सहाच आठवड्यांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासच्या सेंट जॉर्ज कथीड्रलमध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाली. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र आले. पुढील दीक्षा बिशपच देणार होते. पण जे आधीच पाळक होते, त्यांच्या मस्तकावर पुन्हा हात ठेवण्याची अट नव्हती. विश्वास आधी ठेवला गेला, एकरूपता नंतर येऊ दिली गेली. अझरिया १९४५ च्या पहिल्याच दिवशी वारले. त्यांना हा दिवस दिसला नाही.

२०/ लंडनमध्ये या योजनेवर कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ सालीच पुस्तिका लिहून हल्ला चढवला होता. हे ऐक्य नसून विध्वंस आहे, असा तिचा सूर होता. १९४८ च्या लँबेथ परिषदेत नव्या मंडळीच्या दीक्षांबाबत अँग्लिकन बिशपांत दुमत झाले. भाकीत सर्वनाशाचे होते. दक्षिणेची मंडळी आज ७५ वर्षे उलटूनही उभी आहे.

२१/ उत्तरेने अधिक सावध वाट धरली. नागपुरात सहाही परंपरांच्या पाळकांच्या एकीकरणासाठी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवण्याचा विधी झाला. ती नवी दीक्षा होती की नव्हती, हे शब्दांत मुद्दाम मोकळे ठेवले गेले. बाप्तिस्मा बालपणी की समजत्या वयात, या प्रश्नावर दोन्ही रीती मान्य झाल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटी बाहेर पडले.

२२/ विरोधी बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांचा आहे. प्रभुभोजन हे सिद्ध झालेल्या ऐक्याची खूण आहे. ऐक्य नसताना ते वाटणे म्हणजे लग्नाआधीच वरात काढणे. या म्हणण्यात प्रामाणिकपणा आहे. मेज स्वस्त होऊ नये, ही चिंताही खरी आहे. तिची टवाळी करून वाद जिंकता येत नाही.

२३/ पण रोमचेच दस्तऐवज पाहावेत. १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेच्या ऐक्यविषयक आदेशाने दोन तत्त्वे शेजारी ठेवली : ऐक्याची साक्ष सहसा सामायिक उपासना रोखते, तर कृपेची गरज कधी तिची शिफारस करते. १९८३ च्या धर्मविधानाने मृत्यूच्या धोक्यासारख्या प्रसंगी इतर ख्रिस्त्यांनाही काही अटींवर हे संस्कार मोकळे केले. मरणशय्येवर जे देता येते, ते जिवंतपणी अशक्य कसे?

२४/ १५ नोव्हेंबर २०१५ रोजी रोममधील ल्यूथरन चर्चात एका स्त्रीने पोप फ्रान्सिस यांना विचारले : पती कॅथलिक, ती ल्यूथरन, एकत्र प्रभुभोजन कधी घेता येईल? पोप यांनी परवानगी दिली नाही आणि मनाईही केली नाही. एक बाप्तिस्मा, एक श्रद्धा, याची आठवण देऊन प्रभूशी बोला आणि पुढे चला, असे ते म्हणाले. एका घरात जेवणाऱ्या दोघांना एका वेदीसमोर वेगळे का व्हावे लागते, याचे उत्तर मारबुर्गपासून राहून गेले आहे.

२५/ एकीकरणाने सारे साधले, असाही भ्रम नको. एकत्र आलेल्या मंडळ्यांत मालमत्तेचे खटले झाले. जात गेली नाही; म्हणूनच १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांना दलित ईश्वरविज्ञान मांडावे लागले. पंथाचे कुंपण पाडूनही विल्सनच्या काळचे कुंपण अनेकांच्या मनात शिल्लक राहिले. एक मेज ही सुरुवात आहे. तिला शेवट समजणे ही नवी चूक ठरेल.

२६/ तरीही क्रम महत्त्वाचा. मारबुर्गने १४ कलमे जुळवून माणसे तोडली. तरंगंबाडीने माणसे जोडून कलमे पुढे ढकलली. पहिल्या वाटेने ४४४ वर्षे घेतली, दुसरीने २८. इतिहासाच्या अभ्यासकाने 'अजून वेळ आलेली नाही' हे वाक्य ऐकले की एवढेच तपासावे : ही वेळ कोणासाठी थांबली आहे, आणि तोवर उपाशी कोण राहते आहे? करिंथला पौलाने हाच प्रश्न विचारला होता.

(समाप्त)