सहाव्या खेळीचा घोडा

चंदगड तालुक्यातील काजूचा व्यापारी उन्हाळ्यात रोकड मोजून बी भरतो. ते भांडवल पुढे काजूगरांच्या रूपाने थोडे थोडे परत येते. गोदाम भरते त्या दिवशी तिजोरी रिकामी होते, म्हणून त्याला कोणी दिवाळखोर म्हणत नाही. त्याच घरातील मुलाने बुद्धिबळात सहाव्याच खेळीला घोडा दिला, की वडीलधारे मात्र हळहळतात.

हा घोडा ‘दोन घोड्यांचा बचाव’ या प्रारंभात दिला जातो. हल्ल्याचे प्रचलित नाव ‘फ्राइड लिव्हर’, अर्थात तळलेले यकृत! जैन घरात ते उच्चारणेही नकोसे वाटावे. इटालियन खेळाडू पोलेरिओ याच्या सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या डावापासून हा हल्ला ज्ञात आहे.

दोन्ही बाजूंची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरे पुढे येतात. पांढरा घोडा बाहेर पडतो, काळा घोडा आपल्या प्याद्याला जोर देतो. पांढरा उंट सी ४ वर बसून एफ ७ च्या प्याद्यावर रोख धरतो. त्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचा आधार नसतो. काळ्याचा दुसरा घोडा येताच पांढरा घोडा जी ५ वर झेपावतो. काळा डी ५ वर प्यादे सारून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते मारतो, आणि काळा घोड्याने उलट मारतो. इथेच चूक होते.

पांढरा घोडा एफ ७ चे प्यादे मारून वजीर व हत्ती या दोहोंवर एकदम चाल करतो. राजाला तो मारावाच लागतो. मग पांढरा वजीर एफ ३ वरून शह देतो. डी ५ चा घोडाही त्याच्या माऱ्यात येतो. राजा मागे हटला, तर तो घोडा जातो आणि दिलेले मोहरे परत मिळते. घोडा राखायचा, तर राजाला ई ६ वर, भर चौकात, यावे लागते. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी ३ वर येतो आणि डी ५ वर तिसरा मारा बसतो.

एका प्याद्याच्या बदल्यात घोडा, हा हिशेब कागदावर तोट्याचाच. परंतु काळा राजा आता किल्ला करू शकत नाही आणि त्याची मोहरी घोडा राखण्यात गुंतून पडतात. आजचे संगणकही पांढऱ्यालाच झुकते माप देतात. एवढे मात्र पाठ असून भागत नाही. पाठांतरावर खेळणारी मुले सी ३ ऐवजी लगेच शहांची सरबत्ती करतात, राजा निसटतो, आणि दिलेला घोडा खरोखरच गेलेला असतो.

नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत, दुसऱ्या फेरीत, काळ्या मोहऱ्यांनी असेच धाडस केले. हिकारू नाकामुराच्या राजासमोरील एच ३ च्या प्याद्यावर त्याने उंट दिला. ती क्षणिक ऊर्मी नव्हती. घरी केलेली तयारी होती. तो डाव जिंकून त्याने नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका खंडित केली.

काळ्या बाजूने बसणाऱ्यालाही उपाय आहे. पाचव्या खेळीला प्यादे परत मारण्याचा मोह आवरायचा आणि सी ६ चा घोडा ए ५ वर नेऊन पांढऱ्या उंटावर चाल करायची. पुढे एक प्यादे कमी राहते. बदल्यात मोहरी झपाट्याने बाहेर पडतात, आणि राजा आपल्या घरी असतो.