वारसा आहे, वारस कोठे?

२०१३ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी एक चमत्कारिक गोष्ट उजेडात आणली. केंद्र सरकारने 'संरक्षित' म्हणून घोषित केलेल्या स्मारकांपैकी १,६५५ स्मारकांची जागेवर जाऊन पाहणी झाली, तेव्हा त्यांतील ९२ स्मारके जागेवर नव्हतीच! पुढे शोधाशोध होऊन ४२ स्मारकांचा ठाव लागला. राहिलेल्या ५० पैकी १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ कोठे गेली हे कोणालाच सांगता आले नाही. अखेर २०२४ च्या मार्चमध्ये पुरातत्त्व खात्याने १८ स्मारकांची नावे यादीतूनच वगळण्याचे ठरविले. घरातील तांब्या हरवला तर गृहिणी चार दिवस शोधते. येथे दगडी वास्तू हरवल्या आणि सरकारने यादीवर रेघ ओढून हिशेब जुळविला.

ही झाली यादीत नाव असलेल्यांची कथा. देशातील ३,६९३ केंद्र-संरक्षित स्मारकांपैकी अवघ्या २४८ ठिकाणी रखवालदार नेमता आले, असे २०२२ साली संसदेच्या समितीपुढे सांगण्यात आले. मग ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्या शेकडो वीरगळांची, पडक्या देवळांची, पांढरीच्या टेकाडांची दाद कोणी घ्यावी?

या अवशेषांपैकी पुष्कळसे सरकारी जमिनीवर आहेत. सरकारी जमीन म्हटली की सामान्य माणसाला वाटते, चला, सुरक्षित आहे. आमचा अनुभव उलट आहे. खाजगी शेतातल्या दगडाला निदान एक मालक असतो. सरकारी जमिनीवरील दगडाला मालक अनेक आणि पालक एकही नाही. जमीन महसूल खात्याची, झाडे वनखात्याची, रस्ता बांधकाम खात्याचा, कालवा पाटबंधारे खात्याचा, गायरानाची देखभाल पंचायतीची आणि शिलालेख पुरातत्त्व खात्याचा! पुरातत्त्वाच्या यादीत स्मारक असते. पण तलाठ्याच्या उताऱ्यावर तीच जागा 'गायरान', 'खडकाळ' अथवा 'पोटखराबा' म्हणून नोंदलेली असते. खाणीचा पट्टा देणारा किंवा रस्त्याची आखणी करणारा अधिकारी उतारा पाहतो, स्मारकांची यादी पाहत नाही. पोटखराब्यावर सुरुंग लावताना कोणाचा हात थरथरणार?

आमच्या बेळगावकडेच पाहावे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधलेली कमलबस्ती आज किल्ल्यात उभी आहे. तिच्या छतातले दगडी कमळ पाहून परगावचा पाहुणा थक्क होतो. पण त्याच काळातील, शके ११२७ चे, बेळगावचे दोन शिलालेख पाहायचे झाल्यास लंडनचे ब्रिटिश म्युझियम गाठावे लागते. परक्यांनी नेलेल्याचा शोक आपण जरूर करावा. परंतु जे येथेच राहिले त्याचे आपण काय केले? वडगाव-माधवपूर परिसरात गेल्या शतकाच्या आठव्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकालीन नगराचे अवशेष निघाले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या नगरावर आज दाट वस्ती आहे. आपण कशावर पाय ठेवून चालतो हे तेथील किती शाळकरी मुलांना सांगितले जाते? खानापूर तालुक्यातील हलशी ही प्राचीन पलाशिका, कदंबांची राजधानी. तेथील भूवराह नरसिंहाचे मंदिर सरकारच्या संरक्षणात आहे, हे ठीकच. पण राजधानी म्हणजे काही एक देऊळ नव्हे. तिची तळी, तिचे तट, तिची टेकाडे हे सारे मिळून हलशी होते.

घाटाखाली उतरले की दुसरे चित्र दिसते. गोव्यात सांगे तालुक्यात, रिवण गावाजवळ, कुशावती नदीच्या काठी जांभ्या कातळावर बैल, हरणे, मानवाकृती आणि एक चक्रव्यूह कोरलेला आहे. गावकऱ्यांनी वाट दाखविली म्हणून १९९३ साली हे पणसायमळ अभ्यासकांना ठाऊक झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरील कातळशिल्पेही हौशी शोधकांनी गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारीत पायपीट करूनच हुडकून काढली. त्यांतील कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी आदी आठ ठिकाणे आणि पणसायमळ अशी नऊ स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खात्यांनी ज्याला पडीक कातळ म्हटले, त्याला गावाने 'चित्रे' म्हटले होते! यातला धडा असा की, ज्ञान गावात आहे आणि अधिकार कचेरीत. दोघांची गाठ पडत नाही तोवर कातळ वाचणार नाही.

कोणी विचारील, स्मारक घोषित झाले की गावाच्या गळ्याला फास बसतो त्याचे काय? हा प्रश्न आम्ही उडवून लावीत नाही. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आली. पिढ्यान् पिढ्या तेथे राहणाऱ्या गरिबाला घराची भिंत दुरुस्त करण्यासाठी खेटे घालावे लागतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली चीजवस्तू सापडली तर कलेक्टरला कळवा म्हणतो. लोक मात्र कळविण्याऐवजी पुन्हा माती लोटतात. कायद्याचे भय वाटले की लोक पुरावा लपवितात, आणि लपविलेला पुरावा नष्ट झालेल्या पुराव्याहून फारसा वेगळा नसतो. म्हणून कायदा कडक हवा तितकाच तो सोयीचाही हवा. दुरुस्तीचे अर्ज ठरलेल्या मुदतीत, तालुक्याच्या ठिकाणी निकाली निघाले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. या सीमाभागात दगडावरील अक्षरे पाहून त्याच्याविषयीची आपुलकी ठरविण्याची खोड उभय बाजूंच्या काही लोकांना जडली आहे. लंडनला गेलेले ते शिलालेख कन्नड आहेत. म्हणून त्यांच्या जाण्याचे दुःख आम्हांला कमी होत नाही. मराठीच्या न्याय्य हक्कासाठी भांडणाऱ्याने कानडी दगडाचीही राखण केली पाहिजे, आणि कन्नड बंधूंनी देवनागरी लेखाची. ज्याला दुसऱ्याचा पुरावा पुसावासा वाटतो, त्याचा स्वतःच्या बाजूवर विश्वास नाही असेच आम्ही समजतो.

सरकारकडे आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक तालुक्यात सरकारी जमिनीवरील अवशेषांची गाववार मोजणी व्हावी आणि त्यांची नोंद थेट उताऱ्यावर चढावी. खाण, रस्ता, धरण यांना मंजुरी देण्यापूर्वी त्या नोंदीचा दाखला सक्तीचा असावा. गावातील माहितगार माणसालाच मानधन देऊन राखणदार नेमावे. हे करण्यास नवा कायदा लागत नाही. एका खात्याने दुसऱ्या खात्याला पत्र लिहिण्याची तसदी घेतली तरी अर्धे काम होईल.

आणि वाचकहो, उरलेले अर्धे काम आपले आहे. आपल्या संविधानाच्या ५१अ या अनुच्छेदाने संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आपल्या गावच्या वेशीवरचा वीरगळ ज्या दिवशी कोणाच्या पायरीत बसविला जातो, त्या दिवशी गावच्या रक्षणासाठी पडलेला तो अनामिक वीर दुसऱ्यांदा मारला जातो. तेव्हा या रविवारी गावाची शीव फिरून या. दिसेल त्या दगडाचे ठिकाण, माप आणि छायाचित्र टिपून ग्रामसभेत ठेवा. ठराव करून तो तहसीलदारांच्या हाती द्या आणि पोच घ्या. पोच घेण्यास विसरू नका!