कठीण पोलाद, बळकट पोलाद

यवतमाळच्या आठवडी बाजारात कुऱ्हाड पारखणारा शेतकरी नुसती धार पाहत नाही. पात्याला पाणी कसे दिले आहे, हेही पाहतो. पाणी जास्त झाले की पाते कठीण होते, पण गाठीच्या लाकडावर पहिल्याच घावाला त्याचा टवका उडतो. काठिण्य आणि बळकटी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लोहाराच्या भात्याजवळचे शहाणपण अणुयुगातही तितकेच खरे आहे.

याच जिल्ह्यातील वणीचा कोळसा कधीतरी संपणार. म्हणूनच अणुऊर्जेचा आग्रह धरला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र ज्या पोलादावर तिचा भार आहे, त्याची प्रकृतीही जाणली पाहिजे. पालघर जिल्ह्यात तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांची मुख्य पात्रे जाड पोलादाची. इंधनातून निघणारे वेगवान न्यूट्रॉन भिंतीवर आदळून लोहाचे अणू जागचे उडवतात. बहुतेक अणू पुन्हा स्थिरावतात. परंतु काही जागा रिकाम्या राहतात, काही अणू भलतीकडे अडकतात आणि पोलादात अंशरूपाने असलेले तांबे सूक्ष्म गुठळ्या धरते. त्यामुळे पोलाद कठीण होते आणि ताण सोसून वाकण्याचा गुण गमावू लागते. ज्या तापमानाखाली ते काचेसारखे तडकू शकते, ते तापमानच वर सरकते.

भट्टीचे नळ बदलता येतात. पात्र बदलणे जवळजवळ अशक्य. म्हणून त्याच पोलादाचे खाच पाडलेले तुकडे पात्रात ठेवतात आणि ठरावीक काळाने बाहेर काढून घावाखाली मोडून पाहतात. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनपुरवठ्यात हात आखडता घेतला आणि तारापूर सांभाळण्याचे ओझे भारतीय अभियंत्यांवर आले. तारापूरच्या या तुकड्यांची परीक्षा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाली. स्वावलंबनाची खरी कसोटी अशाच निमूट कामात लागते.

प्रत्येक भट्टीत चेर्नोबिल पाहणारे आणि प्रत्येक शंकेत देशद्रोह पाहणारे, दोघेही या परिश्रमांवर अन्यायच करतात. अशा परीक्षांचे निष्कर्ष किनाऱ्यावरील मच्छीमाराला आणि बागायतदाराला कळतील अशा सोप्या मराठीत वेळोवेळी मांडले गेले पाहिजेत. त्याने विज्ञानाचे तेज उणे होणार नाही, उलट विश्वास वाढेल. गिऱ्हाईक घाव घालून पाहू लागले, तर चांगला लोहार रागावत नाही. तो स्वतःच लाकडाचा ओंडका पुढे सरकवतो.