दुरुस्तीचा हक्क आणि एक जुनी मोटारसायकल

१९७६ साली बाजारात आलेली यामाहा एक्सटी ५०० ही, डांबरी सडक आणि खडकाळ पायवाट या दोहोंवर चालणारी, एकाच सिलिंडरची मोटारसायकल पहिल्याच पॅरिस-डाकार शर्यतीत सहारा ओलांडून विजयी झाली, हा तिचा लौकिक मोठा खरा; परंतु माझ्या मते तिचे थोरपण तिच्या दुरुस्तीच्या सुलभतेत आहे.

तिचे इंजिन ऑइल चौकटीच्या नळीतच साठविलेले असते, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहिली म्हणजे ते हळूहळू खाली क्रँककेसमध्ये झिरपते. म्हणून थंड गाडीतली पातळी पाहून, ऑइल घटले असे मानून, वरून आणखी ओतणे सर्वथा अनुचित होय. इंजिन काही काळ चालवून मगच मोजमाप घ्यावे. व्हॉल्व्हची फट मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच, पिस्टन कॉम्प्रेशनच्या शिखरावर आणून, फीलर गेजने तपासावी आणि लॉकनट सैल करून स्क्रूने नेमकी करावी. या कामास साधे पाने व धैर्य पुरते, संगणक वा अधिकृत केंद्राची मंजुरी लागत नाही.

परंतु सुटे भाग आणि माहितीच मिळेनाशी झाली, तर ही सुलभता व्यर्थ ठरते. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही आहेत. तेव्हा उत्पादन बंद झाल्यावरही गॅस्केट, ऑइल सील, केबल यांसारखे सुटे भाग आणि संपूर्ण दुरुस्ती-पुस्तिका ठरावीक मुदतीपर्यंत उपलब्ध ठेवणे कारखानदारांवर कायद्याने बंधनकारक करावे, अशी माझी सरकारदरबारी आग्रहाची मागणी आहे.