उळ्ळागड्डीचं फ्रेंच सूप

नल्लकुंट्याला लेकीकडे गेले होते. विहीणबाई तेलुगू, मी मराठी-कन्नड. लेक कामावर गेली की घर गप्प.

एके रात्री तिच्या स्लो कुकरमध्ये फ्रेंच सुपासाठी ६ कांदे उभे चिरून, लोणी-मीठ घालून लावले. सकाळी पाहते तर कांदा पाण्यात पोहतोय! कांद्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी. घट्ट झाकणातून वाफ जाणार कुठे? विहीणबाईंनी मुकाट्याने झाकण तिरकं सरकवलं. दोन-तीन तासांत पाणी आटलं, कांदा तांबूस झाला. मग भाज्यांचं उकळलेलं पाणी, मिरपूड, वर चीज घालून भाजलेला पाव.

"उल्लिपाय," त्या हसून म्हणाल्या.

"उळ्ळागड्डी," मी म्हटलं.

त्या दुपारी आम्ही खूप बोललो. मैत्रिणींनो, झाकण जरा तिरकं ठेवा. कोंडलेली वाफ जाऊ द्या.